हिरवळीवरची पांढरी छत्री आणि तिचे हिरवे बीजाणू

पहिले दोन-चार मोठे पाऊस होऊन गेले आणि मध्ये एखाददुसरा उघडीपीचा दिवस मिळाला, की सोसायटीच्या हिरवळीवर, शाळेच्या मैदानाच्या कडेला आणि गावाबाहेरच्या गायरानात एक मोठी पांढरी अळंबी उगवते. ती इतकी ठळक असते की रोज त्याच वाटेने फिरायला जाणारा माणूसही थांबून तिच्याकडे पाहतो. वीतभर रुंद पसरलेली टोपी, तिच्यावर मधोमध दाट आणि कडेकडे विरळ होत गेलेले तपकिरी खवले, उंच सरळ दांडा आणि दांड्यावर एक कडे, असे तिचे रूप असते. मी पावसाळ्यात अळंब्यांची छायाचित्रे काढतो आणि नोंदी ठेवतो हे ओळखीच्या मंडळींना ठाऊक असल्यामुळे या दिवसांत माझ्या व्हॉट्सॲपवर सर्वांत जास्त फोटो याच अळंबीचे येतात आणि खाली बहुधा एकच प्रश्न असतो, ‘ही खाता येते का?’ उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येते आणि मी ते तसेच देतो. मात्र त्या उत्तरामागचे कारण एका शब्दात सांगता येत नाही, कारण ही अळंबी ज्या वयात खाण्याजोगी वाटते त्याच वयात तिची खात्रीची खूण अजून उमटलेली नसते. हा लेख मुख्यतः त्या एका अडचणीविषयी आहे.

तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. दक्षिण अमेरिकेतील गयानातल्या नमुन्यांवरून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेओर्ग मायर यांनी १८१८ मध्ये तिचे पहिले वर्णन केले. त्या काळी टोपीखाली पडदे असलेल्या बहुतेक अळंब्या ॲगॅरिकस या एकाच प्रजातीत घातल्या जात, त्यामुळे हिलाही तेथेच जागा मिळाली. पुढे १८९८ मध्ये क्लोरोफायलम ही वेगळी प्रजाती मांडली गेली. जगभरच्या उष्ण प्रदेशांत ती आढळते आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या लॉनवर तर ती नित्याचीच आहे, म्हणून टेक्सास किंवा फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अंगणातही तीच दिसते. अमेरिकेत विषारी अळंबी खाल्ल्याच्या ज्या घटनांत जात निश्चित ओळखली जाते, त्यांत हिचे नाव सर्वाधिक वेळा येते. आपल्याकडे कुत्र्याची छत्री या नावाखाली जी अनेक अळंबी एकत्र मोडतात, त्यांतली ही सर्वांत उंचीपुरी म्हणावी लागेल.

मातीतल्या कुजलेल्या गवतावर आणि इतर सेंद्रिय अवशेषांवर ती जगते. आपल्याला दिसते ते तिचे फळ असते. खरा देह म्हणजे कवकजाल, जे मातीत सर्व दिशांना सारख्या वेगाने पसरत जाते. म्हणून तिच्या छत्र्या पुष्कळदा गोलाकार ओळीत उगवतात आणि त्या गोलाच्या काठाचे गवत आजूबाजूच्या गवतापेक्षा अधिक गडद हिरवे दिसते, कारण कुजण्याच्या क्रियेतून सुटलेले नत्र त्या पट्ट्यातल्या गवताला मिळते. एकदा असे वर्तुळ लक्षात आले की पुढच्या पावसाळ्यात ती कुठे उगवणार याचा अंदाज आधीच बांधता येतो.

आता तिच्या वयाबरोबर बदलत जाणाऱ्या रूपाकडे वळतो. जमिनीतून नुकतीच वर आलेली अळंबी म्हणजे आखूड जाड दांड्यावरचा एक बंद गोळा असतो. त्याच्या माथ्यावरची तपकिरी साल अजून अखंड असते आणि टोपीची कडा दांड्याला एका पातळ पांढऱ्या पटलाने जोडलेली असते. टोपी पसरू लागली की माथ्यावरची ती साल ताणली जाऊन तडकते आणि तिचेच खवले होतात, तर कडेचे पटल फाटून दांड्यावर कडे म्हणून राहते. हे कडे दुहेरी काठाचे, चांगले जाडसर असते आणि अळंबी जून झाली की दांड्यावरून सुटे होते. दोन बोटांत धरून ते वर-खाली सरकवता येते. टोपीखालचे पातळ उभे पडदे, ज्यांना इंग्रजी पुस्तकांवरून आपणही गिल्स म्हणतो, दांड्याला टेकलेले नसतात. दांडा आणि पडदे यांच्यामध्ये एक अरुंद मोकळी खाच असते. दांडा गुळगुळीत, त्यावर खवले किंवा नागमोडी नक्षी नाही. बुंधा थोडा फुगीर असतो, पण त्याभोवती पिशवी किंवा पेला नसतो. दांडा उभा चिरला तर आतला पांढरा गर हळूहळू तांबूस-तपकिरी होतो.

या सगळ्या खुणा उपयोगी आहेत. पण यांतली एकही खूण केवळ हिच्याकडेच आहे असे म्हणता येत नाही. निर्णायक खूण बीजाणूंची आहे. कोवळेपणी पडदे स्वच्छ पांढरे असतात. टोपी पूर्ण उघडून बीजाणू पक्व होऊ लागले की त्या पांढऱ्यावर आधी राखाडी छटा येते आणि मग मळकट हिरवी, कारण हिचे बीजाणूच हिरवे असतात. अळंब्यांच्या जगात पांढरे, गुलाबी, तपकिरी आणि काळे बीजाणू सर्रास सापडतात, हिरवे मात्र विरळा. म्हणून पावसाळ्यातल्या गवतात उगवलेल्या, कडे असलेल्या मोठ्या पांढऱ्या अळंबीने कागदावर हिरवा ठसा सोडला तर तिची ओळख जवळजवळ पक्की होते.

ठसा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्ण उघडलेल्या टोपीचा दांडा पडद्यांच्या पातळीला कापावा, टोपी पडदे खाली येतील अशी कागदावर ठेवावी आणि वाऱ्याने बीजाणू उडू नयेत म्हणून वर काचेचा वाडगा पालथा घालावा. कागद मी अर्धा पांढरा आणि अर्धा काळा घेतो, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत आणि ‘काहीच उमटले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. संध्याकाळी ठेवलेली टोपी सकाळी उचलली की पडद्यांच्या ओळी जशाच्या तशा, चक्राच्या आऱ्यांसारख्या, कागदावर उमटलेल्या असतात. रंग शेवाळी-हिरवा, पूड इतकी बारीक की बोट लावताच पुसते. टोपी अर्धवट मिटलेली असेल तर रात्रभर ठेवूनही कागद कोरा राहतो. कोरा कागद म्हणजे पांढरा ठसा नव्हे, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो. मोकळ्यावरही हे कधीकधी आयते दिसते: दोन-तीन छत्र्या एकमेकींवर आल्या असतील तर वरचीचे बीजाणू खालचीच्या टोपीवर पडून तिथे हिरवट धूळ बसलेली असते.

अडचण आहे ती नेमकी इथे. अळंबी शिजवणाऱ्या माणसाला पूर्ण उघडलेली, पावसाने भिजून मऊ पडलेली छत्री नको असते. त्याला बंद किंवा अर्धी उघडलेली, टणक, पांढरीशुभ्र कळी हवी असते. त्या कळीत हिरवा रंग शोधूनही सापडत नाही. बाजारात मिळणाऱ्या बटन मशरूमची ज्यांना सवय आहे त्यांना ती कळी ओळखीची वाटते, आणि त्यात नवल नाही.

बटन मशरूम म्हणजे ॲगॅरिकस बायस्पोरस. त्याचाच रानातला भाऊबंद ॲगॅरिकस कॅम्पेस्ट्रिस हा युरोपातल्या कुरणांमध्ये शतकानुशतके गोळा करून खाल्ला जातो. त्याचे पडदे आधी गुलाबी आणि मग चॉकलेटी-तपकिरी होतात आणि बीजाणूंचा ठसा गडद तपकिरी पडतो. बाजारातले बटन मशरूम दोन दिवस फ्रिजमध्ये राहिले की टोपी सुटून आतले तपकिरी पडदे दिसू लागतात, ते पाहिले म्हणजे हा रंग कोणता ते समजते. मात्र कुरणातल्या ॲगॅरिकसमध्येही एक विषारी जात आहे, ॲगॅरिकस झँथोडर्मस; टोपीची कड किंवा बुंधा खरवडला की ती झटकन गर्द पिवळी पडते आणि तिला फिनाइलसारखा उग्र वास येतो. ती खाल्ल्याने पोट बिघडते. म्हणजे ‘पडदे गुलाबी आहेत, तेव्हा ही ॲगॅरिकस’ एवढ्यावर थांबणेही पुरेसे नाही.

दुसरा घोटाळा यूट्यूबमुळे वाढला आहे. युरोपात मॅक्रोलेपियोटा प्रोसेरा ही मोठी छत्री टोपीसकट तळून खातात आणि त्याचे व्हिडिओ आपल्याकडचे लोकही पाहतात. मोठी टोपी, तपकिरी खवले, सरकते कडे हे सगळे तिच्यातही आहे. फरक असा की तिच्या दांड्यावर तपकिरी नागमोडी पट्ट्यांची नक्षी असते आणि तिचे बीजाणू पांढरट असतात. व्हिडिओ पाहून आपल्या हिरवळीवरची छत्री कढईत टाकणे हे किती धोक्याचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

तिसरा घोटाळा आपल्या मातीतला आहे. कोकणात आणि गोव्यात वारुळावर येणारी रोवणाची अळमी आणि विदर्भातल्या सात्या या टर्मिटोमायसिस प्रजातीच्या अळंबी. पावसाळ्यात त्यांची लोक वाट पाहतात आणि बाजारात त्या चढ्या भावाने विकल्या जातात. गोवा विद्यापीठात नंदकुमार कामत यांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. या अळंबीचे वाळवीशी अतूट नाते असते: वाळवी आपल्या वारुळात कवकाची शेती करते आणि त्या जमिनीखालच्या पोळ्यातूनच अळंबी वर येते. त्यामुळे तिचा दांडा जमिनीत मुळासारखा निमुळता होत खोलवर गेलेला असतो, टोपीच्या मध्यभागी बहुधा टोकदार उंचवटा असतो आणि बीजाणूंचा ठसा गुलाबीसर पडतो. काही जातींना कडेही असते, म्हणून कडे आहे की नाही यावरून निवाडा करू नये. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा, तेच वारूळ आणि तोच आठवडा माहीत असलेली माणसे ही अळंबी ओळखतात यात मला शंका नाही. माझी शंका आहे ती शहरात वाढलेल्या त्यांच्या नातेवाइकांबद्दल, ज्यांना चव आठवते पण जमिनीतला दांडा कधी उकरून पाहिलेला नसतो.

क्लोरोफायलम खाल्ल्यावर काय होते? साधारण अर्ध्या तासापासून तीन तासांच्या आत मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात पिळवटून येणारी कळ आणि जुलाब सुरू होतात. जुलाबातून रक्तही जाऊ शकते. धडधाकट माणूस बहुधा एक-दोन दिवसांत सावरतो, पण त्या काळात शरीरातले पाणी आणि क्षार इतके कमी होऊ शकतात की शिरेतून सलाइन द्यावे लागते. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत हा धोका गंभीर असतो. जपानमधील संशोधकांनी २०१२ मध्ये या अळंबीतून उंदरांना मारक ठरणारे एक प्रथिन वेगळे केले. प्रथिन म्हटले की ‘मग चांगले शिजवले तर प्रश्नच मिटला’ असे लगेच म्हटले जाते. ते मला पटत नाही. नीट शिजवलेली खाऊनही त्रास झालेले लोक आहेत, काहीच न झालेलेही आहेत, आणि कोण कोणत्या गटात पडेल हे जेवणाआधी कळण्याचा मार्ग नाही.

तरीही हिरव्या बीजाणूंची ही अळंबी सहसा जीव घेत नाही. जीव घेणाऱ्या अळंब्या वेगळ्या आहेत, आणि कळीच्या अवस्थेतली ओळख चुकण्याचा खरा धोका तिथे आहे. अमानिटा प्रजातीतल्या काही जातींत आणि लेपियोटा प्रजातीतल्या काही लहान जातींत अमाटॉक्सिन नावाची विषे असतात. अमानिटा बहुधा विशिष्ट झाडांच्या मुळांशी जोडलेली असते, त्यामुळे ती झाडांच्या आसपास उगवते; लेपियोटा मात्र गवतातही येते आणि क्लोरोफायलमची छोटी प्रतिकृती वाटावी इतकी तिच्याशी मिळतीजुळती असते. या दोन्हींचा ठसा पांढरा पडतो. अमानिटाच्या बुंध्याशी पेल्यासारखी पिशवी असते, पण ती मातीत दडलेली असते आणि अळंबी वरून उपटली की तुटून मातीतच राहते. म्हणून ओळखीसाठी घेतलेली अळंबी नेहमी सुरीने किंवा काडीने मातीतून पूर्ण उकरून काढावी.

अमाटॉक्सिन उकळून, तळून किंवा वाळवून नष्ट होत नाही. ते यकृताच्या पेशींमध्ये शिरते आणि जनुकातला संदेश उतरवून घेणारे विकर बंद पाडते. नवी प्रथिने तयार होणे थांबले की पेशी मरू लागतात. लक्षणे सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात. आदल्या रात्रीची भाजी आणि दुसऱ्या दिवशीच्या उलट्या यांचा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही, त्यात उलट्या-जुलाब एखाद्या दिवसात ओसरतात आणि रुग्णाला बरे वाटू लागते. याच काळात यकृत निकामी होत असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातून आणलेली अळंबी खाल्ल्याने तेरा जण दगावले. त्यांत चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतले लोक मोठ्या संख्येने होते.

डॉक्टरांमध्ये एक ठोकताळा आहे: सहा तासांच्या आत त्रास सुरू झाला तर विष बहुधा पोटापुरते, आणि त्यानंतर सुरू झाला तर यकृताची काळजी. ठोकताळा उपयोगी असला तरी घरच्यांनी त्यावर विसंबू नये, कारण एकाच भाजीत दोन प्रकारच्या अळंबी असू शकतात आणि लवकर उलट्या झाल्या म्हणून दुसरे विष पोटात नाही असे ठरत नाही.

घरगुती कसोट्यांबद्दल बोलायला मला फारसा उत्साह नाही, पण त्या दरवर्षी कानावर येतात म्हणून लिहितो. भाजीत चांदीचे नाणे टाकले आणि ते काळे पडले तर अळंबी विषारी, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो, किड्यांनी किंवा गोगलगाईने खाल्लेली अळंबी निर्धोक, साल सहज सुटली तर खाण्याजोगी, या सगळ्या कसोट्या निरर्थक आहेत. चांदी गंधकाच्या संयुगांमुळे काळी पडते. अमाटॉक्सिनशी तिचा संबंध नाही. गोगलगाय जे पचवते ते माणसाला पचेलच असे नाही. शेणाजवळ किंवा गुरांच्या गोठ्याजवळ उगवली म्हणून ती चांगली, हाही असाच एक समज.

मोबाइलवरची ॲप मी वापरतो, पण नाव सुचवण्यापुरती. ॲपला टोपी वरून दिसते. ठसा, बुंधा, चिरल्यावरचा रंग आणि वास यांतले काहीही त्याला कळत नाही, आणि कळीच्या फोटोवरून तर जाणकारालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. म्हणून मला फोटो पाठवणाऱ्यांकडून मी टोपी वरून, पडदे खालून, मातीतून उकरलेला अख्खा बुंधा आणि सकाळचा ठसा असे चार फोटो मागतो. ते सगळे मिळाले तरी मी जातीचे नाव सांगतो, खाण्याची परवानगी देत नाही. शिवाय लॉनवर तणनाशक आणि कीटकनाशक मारलेले असते, रस्त्याकडेच्या मातीत जड धातू असतात आणि अळंबी ते स्वतःत साठवते. जात खाण्याजोगी निघाली तरी हा मुद्दा उरतोच.

कोणी खाल्लीच असेल तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. उरलेली कच्ची अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी, प्लास्टिकच्या पिशवीत ती लगेच कुजते. कच्ची नसेल तर शिजवलेली भाजी न्यावी, तीही नसेल तर निवडताना टाकलेले दांडे कचऱ्याच्या डब्यातून काढावेत. किती वाजता खाल्ली, किती खाल्ली आणि आणखी कोणी खाल्ली हे कागदावर लिहून घ्यावे, आणि ज्यांनी खाल्ली पण अजून ज्यांना काही झालेले नाही त्यांनाही घेऊन जावे. नवी दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तिथून सल्ला घेता येतो.

सोसायटीच्या हिरवळीवर ही अळंबी आली तर घाबरण्याचे कारण नाही. हात लावल्याने विषबाधा होत नाही, नंतर हात धुतले म्हणजे झाले. पण रांगणारी मुले गवतातले काहीही तोंडात घालतात आणि कुत्र्याची पिल्लेही तेच करतात, कुत्र्यांनाही हिच्यामुळे उलट्या-जुलाब होतात. म्हणून मुले खेळायला यायच्या आधी, सकाळीच, छत्र्या बुंध्यासकट काढून बंद पिशवीतून कचऱ्यात द्याव्यात. माळ्याने बुरशीनाशक फवारायचा आग्रह धरला तर नको म्हणावे. कवकजाल मातीत खोलवर असते, फवारणी तिथवर पोहोचत नाही, आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर छत्र्या पुन्हा येतातच; तेव्हा त्या पुन्हा काढाव्या लागतात.